उधाणाचे शनिवार

आबांना कुणी वेळ विचारली की ते आधी खाडीकडे बघायचे. मग सांगायचे, "पानी वळायला अजून घटकाभर हाय." विचारणाऱ्याला एवढ्यावरून काय समजायचं ते समजो. आमच्या कचेरीत भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याकडे ते कधी बघत नसत. एकदा दारातून आत डोकावून म्हणाले, "तुमचा खोका मागं पडलाय." मी हसलो. संध्याकाळी स्टेशनावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं तर आमचं खरोखरच सात मिनिटं मागे होतं.

मी त्या मिठागराच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. बावीस वर्षांचा होतो, वसईजवळच्या निर्मळ गावाहून सायकलने यायचो. आमचं घर वाडीवालं, केळी आणि पानवेली यांत वाढलेलं. खाऱ्या पाण्याची मला काही माहिती नव्हती. जी झाली ती आबांमुळे. ते उघाडीवर होते. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मिठागराला खाडीच्या बाजूने मातीचा लांब बांध होता आणि त्या बांधात एक लाकडी दार. त्यालाच उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की दाराच्या फळ्या वर ओढायच्या, पाणी आतल्या तळ्यात घ्यायचं आणि भरती वळायच्या आत फळ्या खाली सोडायच्या. त्याला उशीर झाला तर घेतलेलं पाणी ओहोटीबरोबर परत जातं आणि जाताना बांध ओरबाडून नेतं. बरं, पाणी रोज एवढं चढत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस उधाण असतं, तेवढ्या दिवसांतच ते दारापर्यंत येतं. मधले दिवस भांगाचे. तेव्हा पाणी खालीच लोळत राहतं आणि उघाडीवाल्याला काम नसतं. आमच्याकडे उधाणाची भरती एक रात्री येते आणि एक दुपारी. रात्री दार उघडायचं नाही अशी मालकांची ताकीद होती. म्हणजे पंधरवड्यातल्या चार-पाच दुपारी, हेच काय ते वर्षाचं मीठ.

या दुपारी आबा जेवत नसत. फळ्या पडल्या की मग उभ्या उभ्या भाकरी खायचे. उघाडीवर ते छत्री घेऊन उभे राहत, ऊन असो नसो. छत्री कधी उघडत नसत. तिच्या टोकाने पाणी किती चढलं ते बघत. पाणी आत यायला लागलं की ओंजळीतलं थोडं जिभेवर घेत, उजव्या बाजूला थुंकत आणि मग त्याच्याशी बोलत. "ये बाय, ये. दमानं ये. कोन हाय तुझ्या मागं?" मला पहिले काही दिवस वाटलं, हे कुणा बाईशीच बोलतायत.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट मिठागरावर सगळे सांगत. मुहूर्त निघाला तो नेमका पौर्णिमेच्या दुपारचा. आबांनी भटजींना दुसरा दिवस बघायला सांगितलं, पण मुलाकडच्यांना तोच हवा होता. आबांनी कन्यादान केलं आणि हातावरचं पाणी वाळायच्या आत नव्या धोतरात उघाडीकडे चालू लागले. संध्याकाळी परत आले तेव्हा मुलगी सासरी गेली होती. ती पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "आबा, एक दिवस कुणाला उभं केलं असतं तर?"

"केला होता एकदा," ते म्हणाले.

मग छत्री उचलून ते बांधाकडे चालू लागले. मला ते दिवाणजींकडून कळलं. दिवाणजी म्हणजे आमच्या मिठागराचा कारभार बघणारे गृहस्थ. बऱ्याच वर्षांपूर्वी आबांना ताप भरला म्हणून त्यांचा धाकटा भाऊ उघाडीवर उभा राहिला. त्याला डुलकी लागली. पाणी वळलं, बांध फुटला, हंगाम गेला. मालकांनी भावाला हाकललं. तो गाव सोडून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून आबांनी एकही दिवस रजा घेतली नव्हती. दिवाणजी हे कौतुकाने सांगत.

आबांच्या डोळ्यांचं माझ्या लक्षात आलं ते चहामुळे. मी कप त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला होता. ते समोर बघत म्हणाले, "च्या दिलास नाय अजून?" दोन-तीन वेळा असं झालं. मग एकदा ते कचेरीच्या दाराच्या चौकटीवर खांद्याने आपटले. मी विचारलं तर म्हणाले, "बाजूचं दिसत नाय हल्ली. समोरचं दिसतं." आणि मग, जसं काही गंमत सांगावी तसं, "कंदिलाभवती रंगीत कडी पडतात. निळी, तांबडी. डोकं ठनकायला लागलं का जास्ती पडतात."

वसईतल्या धर्मादाय दवाखान्यात मुंबईहून डोळ्यांचे डॉक्टर येऊ लागले होते. एक शनिवार सोडून एक, सकाळी दहा ते दुपारी एक. मी सायकलने जाऊन आबांचं नाव लिहून आलो. मार्गशीर्षातला पुढचा शनिवार मिळाला. आबांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि मान हलवली. "तीज हाय. पानी हाय त्या दिशी."

मी दिवाणजींकडे गेलो.

"जाऊ दे की," ते म्हणाले. "मी कुठे अडवतोय? डोळ्यांचं काम आहे. फक्त उघाडीवर कोण उभं राहणार तेवढं सांग."

मी हजेरीपट चाळला. मीठ भरायची गडबड होती, एकेक माणूस मोजून लावलेला.

पुढचा शनिवार दोन आठवड्यांनी, वद्य द्वितीयेला. पुन्हा उधाण. त्याच्या पुढचा पौषात, पुन्हा उधाण. तेव्हा मी पंचांग घेऊन बसलो. डॉक्टर चौदा दिवसांनी येत होते आणि उधाण चौदा दिवसांहून जरा जास्त घेऊन फिरत होतं. दोघांची चाल जवळजवळ एक. डॉक्टर आले की पाणी येणार, पाणी गेलं की डॉक्टर गेलेले. दर खेपेला तिथी पाऊणएक दिवसाने मागे सरकत होती. मी शेवटपर्यंत मोजलं. डॉक्टरांचा शनिवार भांगाच्या दिवसांत पडणार होता तो थेट चैत्रात.

आबांना दाखवलं. त्यांना पंचांगाची गरज नव्हती. "चैतात जाऊ की," ते म्हणाले. "चार म्हयन्यांनी काय व्हतंय?"

मीही स्वतःला तेच सांगितलं. पण डावीकडून कुणी आलं की ते दचकायला लागले होते. बांधावरून चालताना छत्रीचं टोक आता पाण्यात नाही, जमिनीवर टेकत होतं. माघात मी ठरवलं की काहीही झालं तरी त्यांना पाठवायचं. दिवाणजींना सांगितलं की डॉक्टरांच्या पुढच्या शनिवारी उघाडीवर मी उभा राहीन, कचेरीचं काम रविवारी येऊन करीन. ते म्हणाले, "बघ बाबा. तुझ्या जबाबदारीवर."

आबांना तयार करायला मला आठवडा लागला. त्यांनी मला फळ्या ओढायला शिकवलं, सोडायला शिकवलं. पाण्यावरचा फेस कधी थांबतो, कचरा कधी जागच्या जागी फिरायला लागतो, ते दाखवलं. "कचरा फिरला का सोडायच्या. इचार करायचा नाय." शुक्रवारी संध्याकाळी मी घरी निघालो तरी ते उघाडीवर ओणवे होऊन काहीतरी करत होते.

शनिवारी ते धुतलेला सदरा घालून वसईला चालत गेले. मी उघाडीवर उभा राहिलो. काम सोपं निघालं. पाणी आलं, मी फळ्या ओढल्या, तळं भरलं, कचरा जागच्या जागी फिरला, मी फळ्या सोडल्या. लोण्यातून सुरी जावी तशा त्या खाली गेल्या. सव्वाअकरा वाजले होते. मी बांधावर बसून डबा खाल्ला.

बारा वाजता आबा बांधावरून पळत येताना दिसले. पळत म्हणजे त्या वयात, त्या नजरेने जेवढं पळता येईल तेवढं. एकदा घसरले, उठले, पुन्हा पळाले. मी सामोरा गेलो.

"दाखवलं?" मी विचारलं.

"डाक्टर उशिरा आला." त्यांना दम लागला होता. "तिघं होती माझ्याफुडं. पानी वळायची येळ झाली. बसवेना मला."

"अहो, तिघंच होती ना?"

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते उघाडीपाशी गेले. फळ्यांवरून हात फिरवला. तळ्याच्या काठाला बसून पाणी जिभेवर घेतलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तीस वर्षं त्या तिथीला ते जेवढं पाणी घेत आले तेवढंच आत होतं. ते तसेच उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, खूश होतील. पण त्यांचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता असा झाला. घरातल्या म्हाताऱ्याला बाजूला सारून सगळे जेवायला बसावेत आणि त्याला ते उशिरा कळावं, तसा.

मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, "आबा, कसंबसं निभावलं. एक फळी अडकली होती. पाणी वळायला लागलं आणि ती खाली जाईना. घाबरलो मी. तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

यातलं काहीच खरं नव्हतं. पण त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर आला. "डावीकडची ना?" ते म्हणाले. "ती तशीच हाय. तिला सवय लागते हाताची." मग त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं.

त्यानंतर फाल्गुनातल्या दोन्ही खेपांना मी मागे लागलो. दोन्ही वेळा त्यांनी एकच सांगितलं, "तूच म्हनलास ना, फळी अडकली व्हती? तुझ्या जिवावर सोडून जाऊ आन् बांध फुटला तर?" माझंच खोटं माझ्या तोंडावर. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यांना वाईट वाटेल असं मी स्वतःला सांगत होतो. आज वाटतं, आपण खोटं बोललो हे कबूल करायची मला लाज वाटत होती, एवढंच ते होतं.

चैत्रातल्या एकादशीला आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. मी त्यांचा हात धरला होता. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी बराच वेळ बॅटरीच्या उजेडात पाहिलं, बोटांनी डोळे दाबून पाहिले. मग विचारलं, "किती दिवस आहे हे?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो.

"आणि आज आलात?"

आबा म्हणाले, "पानी होतं."

डॉक्टरांना ते समजलं नाही. त्यांनी मला सांगितलं की हा काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेला आहे, तो येणार नाही. उजव्यात थोडी नजर आहे. मुंबईला येऊन पंधरा दिवसांत ऑपरेशन केलं तर ती कदाचित राहील. यात गेलेलं परत मिळत नाही, असलेलं धरून ठेवायचं असतं. तोपर्यंत थेंब घालायचे, दिवसातून चार वेळा, सहा-सहा तासांनी.

"म्हंजे दोन भरत्या, दोन ओहोट्या," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे, सहा तासच होतात." त्या दिवशी आम्ही हसलो ते तेवढंच.

परत येताना गिरीज गावाच्या अलीकडे आम्ही एका वाडीच्या दगडी गडग्यावर टेकलो. पंधरा दिवसांत मुंबई म्हणजे मध्ये पौर्णिमेचं पाणी येत होतं, आणि मग वैशाखातलं, हंगामाचं शेवटचं. आबांनी ते आधीच पेरांवर मोजलेलं होतं. म्हणाले, "वैशाखी उधान झालं का जातो. मग आगर बंदच की."

तेव्हा मी सांगून टाकलं. "आबा, त्या दिवशी फळी अडकली नव्हती. सगळं सहज झालं होतं. तुम्ही तिथे तिघांसाठी थांबला असता तरी काही बिघडलं नसतं. आत्ताही बिघडणार नाही. मी उभा राहतो. तुम्ही जा."

ते छत्रीच्या टोकाने माती टोकरत राहिले. मग म्हणाले, "ठाव हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"फळीला आदल्या दिशी मीच एरंडेल लावलं व्हतं. तुला जड जाऊ नये म्हनून. ती अडकनार कशी?"

मी त्यांच्याकडे वळलो. "मग तुम्ही मला का नाही म्हणालात? फाल्गुनात का नाही गेलात?"

"तू म्हनलास ते ऐकायला बरं वाटलं," आबा म्हणाले. ते उठले आणि हात पुढे करून माझा खांदा शोधू लागले.

ते मुंबईला गेले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो, त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. त्या खाजणाकाठच्या छोट्या घरात तिने माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "पोरीच्या लग्नात थांबला नाय तो. आता माझ्यासाठी थांबेल?" मी दिवाणजींना म्हटलं की तुम्ही त्यांना कामावर येऊ देऊ नका, दाराशीच अडवा. ते म्हणाले, "तीस वर्षं काम केलेल्या माणसाला दारात अडवू? मला नाही ते शोभत." प्रत्येकाचं बोलणं त्याच्या त्याच्या जागी बरोबर होतं.

वैशाखातल्या उधाणाला, तिसऱ्या दिवशी, ते पडले. पाणी आत येत होतं. उघाडीवरून पलीकडे जायची फळी त्यांच्या पायाला तीस वर्षं ठाऊक होती. पण आदल्या संध्याकाळी कुणीतरी ती वीतभर सरकवून ठेवली होती, आणि सांगावं असं कुणाच्या मनात आलं नाही. आबांनी पाय टाकला तो पाण्यात. ते तळ्याकडे वाहत गेले. दोघा गड्यांनी उडी मारून त्यांना ओढून काढलं. मी तोवर धावत गेलो, कचरा फिरायला लागला होता. मी फळ्या सोडल्या आणि मगच त्यांच्याकडे वळलो. हे मी लपवत नाही. आधी फळ्या सोडल्या.

त्यांना बांधावर निजवलं होतं. डोळे उघडे होते, तोंड आभाळाकडे, भर दुपारच्या उन्हाकडे. पापणी लवत नव्हती.

"आबा, मी दिसतो का?" मी विचारलं.

"आज ढग आलेत का रे?" ते म्हणाले.

आगर बंद झाल्यावर त्यांना मुंबईला नेलं. तिथे सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढच्या हंगामाला दिवाणजींनी मला बोलावून म्हटलं, "उघाडीवर नवा माणूस कशाला शोधायचा? तुला येतंच." कचेरीचं काम सांभाळून मी उघाडी बघू लागलो. दिवाणजींनी मला एक मनगटी घड्याळ दिलं.

मी सुरुवातीला दर भांगाला आबांकडे जायचो. मग एकेक खेप चुकत गेली. गेलो की ते मिठाचं काही विचारत नसत. मला आधी वाटलं, राग आहे. राग नव्हता. ते बायकोला तांदूळ निवडून द्यायचे, खडे बोटांना लागायचे ते बाजूला ठेवायचे. मी बोलत राहायचो आणि ते "हां, हां" म्हणायचे. एवढा बोलका माणूस पाण्याशीच बोलत होता, माणसांशी बोलायला त्याला काही उरलेलंच नव्हतं, असं मला वाटून जायचं आणि मी लवकर उठायचो.

दुसऱ्या वर्षीच्या पौषात मला कळलं की आबा गेले. कळलं तेव्हा पाच दिवस होऊन गेले होते. मिठागरावर कुणालाच निरोप आला नव्हता. मी सकाळी कामावर जायच्या आधी त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी सासरहून आली होती, ती चुलीपाशी होती. बायको ओटीवर बसली होती.

"काकी, मला कळवायचं होतंत," मी म्हणालो. "अर्ध्या तासाची वाट. आलो असतो."

"मी मानूस पाठवत व्हते," ती म्हणाली. "पहाटेच त्याचं कळलं व्हतं मला, का आता हा राहत नाय. म्हटलं, तुला तरी बोलावते. तर म्हनला, आज अमास हाय, त्याला पानी असेल. नको बोलवू. समद्यांना कामं हायेत." तिने आत मुलीकडे पाहिलं. "दुपारी गेला. तुझी पान्याची येळ होती तीच."

त्या दुपारी मी कुठे होतो ते मला आठवत होतं. निरोप आला असता तर आलो असतो, असं मी तिला म्हणालो होतो. ते खरं होतं की नाही, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मुलीने आतून पाण्याचा तांब्या आणला. काकीने शेजारी चटई सरकवली आणि म्हणाली, "बस रे जरा."

मी बसलो नाही. मला नऊच्या आत कचेरी उघडायची होती.